डाव्या दंडाचं माप

माझी लेक माझ्याच दुकानात, कापडाच्या चिंध्यांत खेळून मोठी झाली. अंगानं काटकुळी आणि जिभेनं टोचरी, म्हणून घरात तिला सगळे टाचणी म्हणतात. मी शिंपी. गल्लीत मला मास्तर म्हणतात, पण केस पिकेपर्यंत या मास्तरला टेपवरच्या आकड्यांपलीकडे काही वाचता येत नव्हतं. पुढे टाचणीनंच पाटी हातात दिली आणि पाठ सोडली नाही.

दुकान तिनं चालवावं असं मला फार वाटायचं. तिचा हात चांगला होता. गिऱ्हाईक उभं राहिलं की खांदा, छाती, बाही भराभर मोजून मोकळी व्हायची, आणि तिच्या मापावर कापलेलं कापड कधी वाया गेलं नाही. पण तिचं मन रमेना. गल्लीच्या टोकाला बाळंतपणाचा दवाखाना आहे. तिथं गरोदर बायकांची मापं घ्यायला मदतनीस हवी होती. तिनं शिक्षण घेतलं, अर्ज केला, आणि डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं. म्हणाल्या, "थोडे दिवस काम बघू. जमलं तर कायम करू."

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात शिरली आणि पिशवीतून टेप काढून माझ्यापुढे नाचवली.

"बाबा, तुमचं दुकान सोडून पळाले, तर बघा हातात काय आलं!"

टेप आमच्या दुकानातल्यासारखी नव्हती. अरुंद, गुळगुळीत, एका टोकाला खाच, आणि आकड्यांच्या मागे अर्धी लाल, अर्धी हिरवी पट्टी. आमची ही काजं करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे शेवटी शिंपीणच झालीस की. मग दवाखान्यापर्यंत चपला कशाला झिजवायच्या?"

"आई, मी कपडे नाही शिवत. मी दंड मोजते."

मला हसू आलं. "दंड? बाळ काय दंडात असतं? मोजायचं तर पोट मोजा की."

तर ती माझ्यापुढे स्टूल ओढून बसली. असं बसली की समजायचं, आता आपली शाळा भरली.

"बाबा, आम्ही उंची मोजतो, वजन करतो आणि डावा दंड मोजतो. वजन वाढणारच. पण त्या काट्यावर आई आणि बाळ दोघं एकदम उभी असतात. वाढलेलं वजन कोणाचं, ते काटा सांगत नाही. पायांना सूज आली तरी काटा पुढे सरकतो. दंडावर मात्र एकटी आई असते. नऊ महिन्यांत तो फारसा बदलत नाही. तेवीस सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्टीत भरला, तर ती बाई अंगानं कमी पडतेय. मग तिला डॉक्टरांकडे आत पाठवायचं, तिचं खाणंपिणं विचारायचं, रक्त तपासायचं."

"आणि तेवीसच्या वर असला तर?"

"तर पुढच्या खेपेला या."

एवढीशी पट्टी, आणि तिच्यावर एवढं ठरतं! माझी छाती अशी फुगली की माझाच सदरा मला आखूड झाला. त्यानंतर दुकानात जो येईल त्याला मी दंडाचं सांगू लागलो. विजार आखूड करायला आलेल्या माणसालाही. आमची ही म्हणायची, "अहो, त्याला दिवस गेलेत का? सोडा बिचाऱ्याला."

समोरच्या बाजूला कुलुपवाल्याचं दुकान आहे. दुकान त्याच्या नावावर, पण चालवते त्याची बायको. कुलुपवाली म्हणजे आमच्या गल्लीचा भोंपू. तिच्या सुनेला पाचवा महिना लागला होता. सून गप्प राहणारी. हाक मारली तर हसायची, तेही ओठ मिटून. एकदा कुलुपवाली पिशवीची चेन बदलायला आली आणि चेन बाजूला ठेवून सुनेचीच गोष्ट लावली.

"मास्तर, तुमच्या लेकीनं मोजलं हो आमच्या सुनेला. तेवीसच्या वर! काटाही दर खेपेला पुढेच. शेजारची म्हणत होती, तुमची सून वाळलेली दिसते. म्हटलं, डोळे तपासून घे बाई, आमच्याकडे दवाखान्याचं माप आहे!"

"टाचणीचं माप आहे ना? मग बघायलाच नको," मी म्हणालो, आणि चेनीबरोबर तिच्या पिशवीचा उसवलेला बंदही फुकट शिवून दिला.

त्याच सुमाराला दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर रजेवरून परत आल्या. त्यांची एक पद्धत होती. नवीन माणूस आलं की त्याच्याबरोबर बसायचं आणि त्यानं मोजलेली बाई स्वतः पुन्हा मोजायची. दोघींनी आपापला आकडा आधी लिहायचा, मगच दाखवायचा. त्या सकाळी टाचणी अगदी खुशीत गेली. संध्याकाळी आली ती दुकानात न थांबता सरळ मागच्या खोलीत गेली.

मी आत गेलो. ती टेप मांडीवर घेऊन बसली होती.

"काय झालं?"

"माझा आकडा प्रत्येक वेळी सिस्टरपेक्षा जास्त येतो. कधी एक सेंटीमीटरनं, कधी त्याहून थोड्या कमी फरकानं. पण दर वेळी जास्तच."

"त्यांची टेप ताणली असेल. जुनी टेप ताणते."

"दोन्ही टेपा शेजारी लावून पाहिल्या. रेघेला रेघ."

"मग त्या आवळून धरत असतील."

"नाही हो बाबा. टेप अंगाला नुसती टेकते, कातडी दबत नाही. मी नीट बघितलंय."

"अगं, मग काय तू चुकतेस? आपल्या घरात आजवर कोणाचं माप चुकलंय?"

माझा आवाज चढला होता. ती मला उत्तर न देता उठली आणि इस्त्रीच्या टेबलावरचा बाहीचा लाकडी ठोकळा घेऊन आली. बाहीला इस्त्री करताना तो आत घालतो, माणसाच्या दंडासारखाच गोल. तिनं टेप गुंडाळली, वाचली. मग मला म्हणाली, "तुम्ही घ्या." मी घेतलं. आईला हाक मारून तिलाही घ्यायला लावलं. तिघांचाही आकडा एकच.

"बघ!" मी म्हणालो. "मी काय सांगत होतो?"

"मग बाया मोजतानाच का चुकतं? बाबा, सदरा काढा."

मी सदरा काढून बसलो. तिनं माझा डावा कोपर काटकोनात वाकवला, खांद्याच्या टोकाचं हाड चाचपलं, कोपराचं टोक धरलं, दोन्हींच्या बरोबर मधोमध पेनानं खूण केली. मग हात सरळ खाली सोडायला लावला. "सैल सोडा. पहिलवानी नको." खुणेवरून टेप फिरवली आणि आकडा सांगितला. मग आमच्या हिनं टेप घेतली. तिचा आकडा कमी आला.

"पुन्हा घे," ही म्हणाली.

टाचणीनं पुन्हा टेप फिरवली. ही वाकून बघत होती. तिनं चष्मा नाकावर वर सारला.

"अगं, बोट काढ की!"

"कुठलं बोट?"

"तुझं! टेपच्या आत आहे."

आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट टेपच्या आत, माझ्या दंडाला चिकटून बसलं होतं. तिचं तिलाच माहीत नव्हतं.

आमच्या धंद्यात ते बोट असतंच. बाही मोजताना टेपच्या आत एक बोट ठेवायचं. माणूस हात वर करतो, वाकतो, ओझं उचलतो, आणि कापडाला ते आधी कळत नाही. ते बोट म्हणजे त्याला हलायला दिलेली जागा. मी माझ्या बापाकडून शिकलो आणि टाचणी सहा-सात वर्षांची असताना तिचं बोट धरून टेपच्या आत सरकवलं. लाकडाला हलायचं नसतं, म्हणून ठोकळ्यावर बोट आपोआप बाहेर राहिलं. जिवंत दंड दिसला की आपोआप आत गेलं.

आमची ही हसायला लागली. "अगं बाई! म्हणजे तू सगळ्या बायकांना झंपर शिवायच्या मापानं मोजलंस!"

टाचणी हसली नाही. "आई, त्यांच्या दंडात माझं बोट मोजलं गेलंय."

हिचं हसू थांबलं. मग ती समजुतीनं म्हणाली, "बरं, कळलं ना आता? उद्यापासून बोट बाहेर. कशाला बोभाटा करायचा? अजून कायम व्हायची आहेस तू."

"उद्यापासूनच्या बाया नीट मोजीन. ज्या मोजून गेल्या त्यांचं काय? जिचा दंड तेवीस-चोवीसच्या मध्ये आलाय, ती खरी तेवीसच्या खाली असू शकते. मी तिला सांगितलंय, पुढच्या खेपेला या. ती घरी जाऊन सांगत असेल, सगळं ठीक आहे म्हणून."

"मग काय करणार तू?"

"सांगणार."

"काढून टाकलं तर?"

"तर बाबांच्या दुकानात बोट आत घालून मोजीन."

ज्या पोरीचं नाव घेऊन मी गल्लीभर मिरवलो, ती उद्या डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहून सांगणार होती की माझी मापं चुकली. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, वाटली नाही. मी सदरा घातला, बटणं लावली आणि म्हणालो, "सकाळी लवकर जा. गर्दी व्हायच्या आत."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. टाचणीनं त्यांच्याच दंडावर बोट आत ठेवून आणि बाहेर ठेवून दाखवलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "इतकी वर्षं शिकवते आहे. टेप घट्ट धरणारी पाहिली, ढिली धरणारी पाहिली. पाहुणा आत घेणारी पहिलीच!" मग डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "तुला कायम करायचं की नाही ते मागाहून बघू. आधी या सगळ्यांना परत मोज. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे जा. आणि चूक कशी झाली ते प्रत्येकीला तूच सांगायचं."

बहुतेक बाया दवाखान्यातच आल्या. काही कुरकुरल्या, काही हसल्या. त्यांतल्या काहींचा आकडा खरंच लाल पट्टीत गेला आणि त्यांना आत पाठवलं. कुलुपवालीनं मात्र निरोप परत पाठवला, आमचं माप झालंय, आम्हाला वेळ नाही.

त्या दिवशी टाचणी दुकानात आली. "बाबा, कुलुपवाल्यांकडे माझ्याबरोबर येता?"

"मी काय बोलू तिथं?"

"बोलू नका. नुसते उभे राहा."

आम्ही रस्ता ओलांडला. कुलुपवाली कानशीनं किल्ली घासत होती. तिच्या मागे भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. सून आतल्या दारात बसून कुलपांना तेल देत होती.

"या मास्तर! आज बापलेक एकदम?"

टाचणीनं आडवळण घेतलंच नाही. "काकू, मी तुमच्या सुनेचा दंड चुकीचा मोजला. माझं बोट टेपच्या आत राहिलं. मला पुन्हा मोजायचंय."

कानस थांबली.

"म्हणजे? गेल्या महिन्यात चांगला होता, आता वाळला?"

"तेव्हाही कदाचित कमीच असेल. मी जास्त सांगितला."

"अस्सं!" कुलुपवालीनं माझ्याकडे मोर्चा वळवला. "मास्तर, तुम्हीच म्हणाला होतात ना, टाचणीचं माप म्हणजे बघायलाच नको? मी साऱ्या गल्लीत सांगून बसले! आता लोक म्हणतील, सुनेला उपाशी ठेवते आणि वर फुशारकी मारते!"

टाचणी मध्ये आली.

"लोकांना माझं नाव सांगा काकू. शिंप्याच्या पोरीनं चुकवलं म्हणा."

"सांगीनच! आणि त्या डॉक्टरीणबाईंनाही सांगीन. असल्या पोरींना कशाला ठेवतात म्हणावं!"

"सांगा. पण आधी मोजू द्या."

कुलुपवाली दारात आडवी झाली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात कानस. मला वाटलं, आता इथून आम्ही टाळकी शेकून घेऊनच जाणार. तेवढ्यात मागून सून उठली. तेलाचे हात फडक्याला पुसले आणि बाही वर केली.

"आई, मोजू द्या ना त्यांना," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत मी तिचं एवढं लांब वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मी तोंड फिरवून किल्ल्यांकडे बघत राहिलो.

"कोपर वाकव. असा. आता खाली सोड, सैल," टाचणी सांगत होती. मग म्हणाली, "काकू, तुम्ही इकडे या. माझी बोटं बघा. सगळी बाहेर आहेत ना?"

"आहेत," कुलुपवाली गुरकावली.

"आकडा तुम्हीच वाचा."

मागे तिच्या कमरेचा जुडगा खुळखुळला. मग कुलुपवालीचा आवाज आला, आणि त्यात नेहमीचा भोंपू नव्हता. "बावीसच्या पुढं... दोन रेघा."

मी मान वळवली. लाल पट्टीत होतं. चांगलंच आत.

"मी वाढते हो हिला," कुलुपवाली म्हणाली. "ताट भरून वाढते. ताट रिकामंही होतं."

टाचणी सुनेकडे बघत होती. "ताट रिकामं होतं, पण पोटात राहतं का?"

सुनेनं मान हलवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळचं, दुपारचं, जे खाईल ते उलटून पडत होतं. ती मागच्या मोरीत जाऊन पाणी सोडायची, आवाज येऊ नये म्हणून. शेवटी शेवटी अर्धं जेवण मागच्या कुत्र्याला घालायची.

"मला का नाही सांगितलंस?" कुलुपवाली म्हणाली.

"तुम्ही सगळ्यांना इतक्या अभिमानानं सांगत होतात, आमची सून ठणठणीत म्हणून. दवाखान्यातही सांगितलं ठीक आहे. मला वाटलं, असंच असतं. मीच नाजूक."

कुलुपवाली मटकन स्टुलावर बसली. कानस अजून हातात होती. मला वाटलं रडेल. पण ती रडणाऱ्यातली नव्हे. एकदम उठली, कानस आपटली आणि सुनेवर ओरडली, "चप्पल घाल! बघतेस काय? आणि मास्तर, तुम्ही दुकानावर बसा. किल्ली करायला कोणी आलं तर थांबायला सांगा. काही विकू नका, तुम्हाला काही कळत नाही."

"आणि तक्रार?" मी विचारलं.

"ती करणारच आहे! जातेच आहे तर दोन्ही कामं करून येते."

तिघी रस्त्यानं निघाल्या. पुढे कुलुपवाली, मध्ये सून, मागे टाचणी. मी किल्ल्यांच्या भिंतीखाली बसून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो. माझ्या हातचे कपडे लोकांनी लग्नात घातले, कोणी पहिल्या नोकरीवर जाताना घातले. मला अभिमान वाटायचा. पण त्या दिवशी पाठमोऱ्या टाचणीकडे बघताना जे वाटलं, तसं कधी कुठल्या शिवलेल्या कपड्याकडे बघून वाटलं नव्हतं.

तक्रार झाली. कुलुपवालीनं डॉक्टरीणबाईंना यथासांग सुनावलं, आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सुनेचं रक्तही कमी निघालं. उलट्यांवर औषध दिलं, थोडं थोडं आणि सारखं खायला सांगितलं, दर पंधरवड्याला बोलावलं. टाचणीला कायम केलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या सिस्टर पुन्हा तिच्याबरोबर बसतील. दोघींचे आकडे जुळले तर राहील, नाहीतर दुसरीकडे काम बघावं. टाचणी हो म्हणाली. घरी येऊन तिनं आमच्या सगळ्यांचे दंड मोजले. शेजाऱ्यांचे मोजले. मी जेवत असलो तरी डावा हात तिच्याकडे द्यावा लागे. आमची ही म्हणायची, "आता माझा दंड झिजायला लागला बाई."

पडताळणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो. पुरुषांना पडद्याच्या आत जाता येत नाही, पण पडदा काही भिंत नव्हे. थोड्या वेळानं कुलुपवाली माझ्या शेजारी येऊन बसली. तिची सून आत होती.

"खाते का आता?" मी विचारलं.

"खाते, आणि राहतंही. उशीला बिस्किटं घेऊन झोपते. माझ्या मुलाला मुंग्या चावतात. चावू दे."

आत एकेक बाई जात होती. पडद्याआड टाचणीचा आवाज, "कोपर वाकव... आता सोड, सैल." मग शांतता. मग सिस्टरचं तेच सगळं. प्रत्येक बाईनंतर कागदाचा आवाज, पण आकडे काही ऐकू येईनात. माझी मान पडद्याकडे अशी लांब झाली की कुलुपवाली म्हणाली, "मास्तर, पडद्यात अडकाल."

शेवटी तिच्या सुनेचा नंबर आला. दोघींचं मोजून झालं. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "झालं? आता मोठ्यानं वाचा. एकेकीचे दोन्ही आकडे."

सिस्टर वाचू लागल्या. पहिल्या बाईचे दोन्ही आकडे एक. दुसरीचे एक. तिसरीच्या वेळी एका रेघेचा फरक, आणि मी बाकावरून अर्धा उठलो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेवढा चालतो. माझ्यात आणि तुमच्यातही येतो." मग पुन्हा एक, पुन्हा एक. शेवटी कुलुपवाल्याची सून. टाचणीचा आकडा बावीस आणि सहा रेघा. सिस्टरचाही बावीस आणि सहा रेघा.

"अजून लाल आहे," कुलुपवाली पुटपुटली. "पण चढतंय हो."

आत डॉक्टरीणबाई काहीतरी हसून बोलल्या. मग स्पष्ट ऐकू आलं, "उद्यापासून हिचं नाव कायमच्या यादीत घाला. आणि नवीन मुलगी येईल ती हिच्याच हाताखाली द्या. काय चुकू शकतं ते हिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

कुलुपवालीनं मला कोपर मारला. जोरात. "ऐकलंत का मास्तर?"

मी सगळं शब्दन् शब्द ऐकलं होतं.

"नाही हो," मी म्हणालो. "नीट नाही ऐकू आलं. तुमचा आवाज मोठा आहे, जरा पुन्हा वाचायला सांगा त्यांना. पहिल्यापासून."